पहिल्या डावापासून

हसनाबादच्या बाजारगल्लीत अंकितचं खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वर घर. घरात माणसं चार : अंकित, त्याची आई इचरजबाई, बायको एकता आणि चौथीत जाणारी नेहल. जैनांचं घर, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. बाहेरच्याला वाटावं, मग काय, पुढची सगळी संध्याकाळ सुनेला मोकळी. तसं नव्हतं. जेवणं झाली की भांडी, नेहलचा अभ्यास, आणि त्यानंतर सासूच्या शेजारी आसन टाकून, तोंडाला मुहपत्ती बांधून पाऊण तासाचं सामायिक, म्हणजे एका जागी बसून करायचं ध्यान. त्या वेळात दिव्याचं बटण दाबायचं नाही, नळ सोडायचा नाही, मोबाइलला तर हातच लावायचा नाही. एकता ते मनापासून करायची. तिला ती शांतता आवडायची. फक्त तिच्या पोकरची स्पर्धा संध्याकाळी सुरू व्हायची, आणि ती आसनावरून उठेपर्यंत तिथं निम्मीअधिक माणसं खेळून बाद झालेली असायची.

पोकर तिला धाकट्या भावानं शिकवला होता. श्रेणिक पुण्यात कंपनीत होता, ती नोकरी सोडून तो याच खेळावर राहत होता, आणि ही गोष्ट शहागडला आई-वडिलांना ठाऊक नव्हती. दिवाळीत माहेरी चार दिवस पत्ते व्हायचे, तेवढ्यापुरती तीनपत्ती. एका दिवाळीला भाऊबीजेच्या दुपारी त्यानं तिला हा दुसरा खेळ दाखवला. दोन पानं आपली, पाच पानं सगळ्यांची, आणि समोरच्याच्या हातात काय असेल ते त्याच्या वागण्यावरून ओळखायचं. एकतानं दोन-तीन प्रश्न विचारले. श्रेणिक तिच्याकडं बघतच राहिला. हे प्रश्न त्याला पडायला वर्ष गेलं होतं. एकता जालन्याला गणित घेऊन बी.एस्सी. करत होती, शेवटच्या वर्षाचे दोन पेपर राहिले आणि लग्नाची तारीख आली. त्यानंतर तिला हिशोब लागला तो किराण्याचा.

त्यानं तिच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. फुकटच्या स्पर्धा असायच्या, त्यात जिंकलं की पुढच्या स्पर्धेचं तिकीट मिळायचं. घरातला एक रुपयाही तिनं त्यात घातला नाही आणि त्यातून काढलाही नाही. जैनांच्या घरात सात व्यसनं मोजतात आणि त्यात पहिलं नाव जुगाराचं असतं, हे तिला पाळण्यापासून पाठ होतं. पण तिला तो जुगार वाटत नव्हता. तिला ते राहिलेल्या पेपरांसारखं वाटायचं.

अडचण एकच होती, ती म्हणजे वेळ. स्पर्धा सुरू झाल्यावरही काही वेळ नाव नोंदवता येतं. उशिरा येणाऱ्याला चिप्स, म्हणजे डावात लावायच्या सोंगट्या, सगळ्यांइतक्याच मिळतात. पण दर थोड्या वेळानं प्रत्येकाला सक्तीनं लावाव्या लागणाऱ्या चिप्स वाढत जातात, त्यामुळं सुरुवातीला जी रास डोंगराएवढी असते, ती उशिरा आलेल्यासाठी मूठभर उरते. मूठभर चिप्सवर विचार करायला जागा नसते. बरी पानं आली की सगळं पुढं सारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. एकता रोज अशीच बसायची, नोंदणीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. कधी दोन डावांत बाहेर, कधी नशिबानं तिकीट.

“उशिरा बसण्यात तोटाच असतो असं न्हाई,” श्रेणिक फोनवर म्हणायचा. “एका वेळेला दहा टेबलं खेळणाऱ्याला ते परवडतं, वेळ वाचतो. बक्षिसाच्याही जवळ असतो माणूस. पण तू माणसं वाचती, जीजी. माणसं वाचायला आधीपासून बसावं लागतं. कच्चे खेळाडू पहिल्या तासात असतात. तू येती तेव्हा ते घरी गेलेले असतात.”

ती म्हणायची, मला बसता येत असतं तर बसले नसते का.

पण माणसं वाचण्याचं त्याचं ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. आपल्याला हे खरंच येतं का, की आपण नुसती नाणी उडवून राह्यलो, हे तिला एकदा कळायला हवं होतं. त्यापलीकडं तिचं काही मागणं नव्हतं. एक स्पर्धा, पहिल्या डावापासून.

थंडीत तो रविवार आला. जालन्याला कुणा महाराजांच्या दर्शनाला समाजाची बस निघाली, इचरजबाई नेहलला घेऊन तीत गेल्या. गावात बाजार होता, म्हणून अंकित दुकानातून हलणार नव्हता. एकताकडं एका मोठ्या स्पर्धेचं तिकीट होतं, दुपारची. तिनं सकाळीच पोळ्या-भाजी केली, अंकितचा डबा खाली पाठवला, दार लोटलं आणि खिडकीपाशी बसली. स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती तिथं होती. टेबलावर नऊच्या नऊ माणसं, सगळ्यांची रास सारखी.

पहिला तास तिनं जवळपास काहीच केलं नाही. पानं यायची, ती टाकून द्यायची आणि बघायची. कोण दर डावाला पानं नसतानाही लावून फुशारकी मारतो, कोण थोडं दटावलं की मागं सरतो, कोण तासभर मुकाट्यानं बसलाय. बाजाराच्या दिवशी दुकानात येणारी गिऱ्हाइकं ती वरच्या कठड्यातून अशीच बघायची. कोण घेणार आणि कोण नुसता भाव विचारून जाणार, ते तिला चालीवरून कळायचं. इथंही कळत होतं. मग तिनं हळूहळू हात घातला. फुशारकी मारणाऱ्याच्या चिप्स तिच्याकडं यायला लागल्या.

एका डावाला तिच्याकडं दोन राण्या आल्या. एरवी उशिरा बसल्यावर राण्या आल्या की डोळे मिटून सगळं लावायचं, दुसरा मार्गच नसायचा. मधल्या पानांत एक्का पडला. आणि तासभर मुकाट बसलेल्या माणसानं पहिल्यांदा मोठी रक्कम पुढं केली. एकतानं क्षणभर बघितलं आणि राण्या टाकून दिल्या. दुसऱ्या कुणीतरी त्याला भिडलं, पानं उघडली, मुकाट माणसाकडं दोन एक्के होते. एकता खिडकीपाशी एकटीच हसली. इतक्या वर्षांत आपण काही टाकून दिलं आणि त्याचा आनंद झाला, असं तिला आठवत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा शेकडो माणसं बाद झालेली होती आणि ती अजून होती, चांगली भरल्या राशीनं. त्याच वेळी अंकित वर आला. डब्यातलं लोणचं संपलं होतं. ती इतकी गुंतलेली होती की तो पाठीशी उभा राहिल्याचं तिला कळलं नाही.

“हे काय करून राह्यली?”

तिनं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. जे होतं ते सगळं सांगितलं. श्रेणिकनं शिकवलं इथपासून, पैसे घातले नाहीत इथपर्यंत. तो ओरडेल, फोन घेईल, सासूबाईंना सांगेल, असं तिला वाटलं होतं. अंकित यातलं काही बोलला नाही. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यातला बक्षिसाचा आकडा बघितला, मान वाकवून परत बघितला, आणि लोणचं विसरून तिच्या शेजारी बसला.

तिला आधी हायसं वाटलं. मग तो विचारू लागला. हे का सोडलं? ते का न्हाई लावलं? एवढी चांगली पानं होती. प्रत्येक डावाला ती त्याला समजावायची आणि समजावताना समोरच्या माणसांवरचं तिचं ध्यान सुटायचं. शेवटच्या टेबलावर ती पोचली. तिथं एका डावाला तिला पानं टाकायची होती, अंकित म्हणाला, “आता लाव ना. किती भेशील?” तिनं लावलं. नववी येऊन ती बाहेर पडली. बक्षीस दुकानाच्या पंधरवड्याच्या कमाईएवढं होतं.

अंकितनं तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं तिच्या कुठल्या कामाचं कौतुक केलं. मग विचारलं, “उद्या कितीला असतं?”

तिथून पुढं तो खेळ तिचा राहिला नाही.

अंकित वाईट माणूस नव्हता. व्यापार मंदावला होता, जालन्यातून मोठे दुकानदार गावोगाव माल पोचवत होते, आणि बसल्या जागी पैसा येतो हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. पण घरचं काम थांबणार नव्हतं, दुकानातही तिची मदत लागायची, आईला संशय येऊन चालणार नव्हतं. म्हणून त्यानं ठरवलं, नाव शेवटच्या पाच मिनिटांतच घालायचं. तिनं समजावलं, श्रेणिकचं म्हणणं सांगितलं. त्याला ते पटलं नाही.

“बाजार उठताना गेलं की भाजी स्वस्त भेटती,” तो म्हणाला. “दोन तास फुकट कशाला बसायचं? जाणारे जाऊ दे ना आधी.”

“बाजार उठताना दुसऱ्यांनी चिवडून ठेवलेलीच भाजी राहती,” ती म्हणाली.

तो हसला आणि नाव घातलं. आता तिकिटं नव्हती, दुकानाचे पैसे होते. त्यात आणखी एक सोय होती : बाद झालं तरी नाव घालायची मुदत संपेपर्यंत पुन्हा पैसे भरून बसता यायचं. अंकितला ही सोय फार आवडली. ती सामायिकातून उठायची, मुहपत्ती घडी करून ठेवायची, आणि तो आतल्या खोलीत फोन घेऊन तयार असायचा. मूठभर चिप्स. दोन पानं. लाव. गेलं. पुन्हा नाव. लाव. गेलं. मधेच एखादं बक्षीस लागायचं, आणि त्या एका बक्षिसावर पुढचे कितीतरी दिवस निघायचे. आधी जो खेळ तिला सासूच्या शेजारी डोळे मिटून बसल्यावर आठवायचा आणि बरं वाटायचं, त्याची आता तिला धास्ती वाटायला लागली. सामायिक संपूच नये, असं वाटायला लागलं.

एकदा ती म्हणाली, मला एकदा सुरुवातीपासून बसू द्या, एकदाच, मग तुम्ही सांगाल तसं. त्यानं बघू म्हटलं. नंतर तो विसरला, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही. हरल्यावर तो आधी नशिबाला बोलायचा. उन्हाळा लागला तसा तिला बोलायला लागला. तुझा हातच पांढरा हाये, म्हणायचा. त्या रविवारी बराबर जमलं, मंग आता का जमंना?

मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या कंपनीला आगाऊ पैसे भरायचे होते. ते खात्यात नव्हते. कंपनीनं माल दिला नाही. ऐन पेरणीच्या दिवसांत दुकानाच्या फळ्या अर्ध्या रिकाम्या राहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं दारातून मान हलवून समोरच्या दुकानात गेली. इचरजबाई वरच्या कठड्यातून हे बघत होत्या. नवरा गेल्यावर काही वर्षं हे दुकान त्यांनीच चालवलं होतं; त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी मुलाला वर बोलावलं आणि पैसे कुठं गेले ते विचारलं.

एकता ओट्यापाशी उभी होती. अंकित जमिनीकडं बघत होता.

“हिला नाद लागला,” तो म्हणाला. “हिच्या भावानं लावला.”

एकतानं त्याच्याकडं बघितलं. त्यानं वर बघितलं नाही. तिला बोलता आलं असतं. पण जे तो बोलला होता त्यातला एकही शब्द तसा खोटा नव्हता. भावानंच शिकवलं होतं, पानं तिच्याच बोटांनी लावली होती. खोटं होतं ते न बोललेल्या भागात, आणि ते कुठून सांगायला सुरुवात करावी हे तिला सुचलं नाही. ती गप्प राहिली, आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ इचरजबाईंनी लावायचा तोच लावला.

त्या रागावल्या नाहीत. सुनेला म्हणाल्या, “बिंदणी, माझ्या शेजारी बसून तू उठायची वाट बघायची?”

हे मात्र, निदान आधीच्या दिवसांत, खरंच होतं. एकतानं मान खाली घातली.

भोकरदनला चातुर्मासासाठी साध्वीजी आल्या होत्या. इचरजबाई सुनेला तिथं घेऊन गेल्या, आणि एकतानं हात जोडून जन्मभरासाठी पत्त्यांचं पचखाण घेतलं. हात लावणार नाही आणि कुणाला डाव सांगणारही नाही, असा नियम. श्रेणिकला राखीला येऊ नकोस असं अंकितनं कळवलं. त्यानंतर इचरजबाई रोज संध्याकाळी आसन टाकायच्या, पण भिंतीच्या त्या बाजूला, एकटं. एकता तिचं आसन दुसऱ्या खोलीत टाकायची.

आणि मग ऑगस्टात, ऐन पर्युषण सुरू व्हायच्या सुमाराला, दिल्लीत कायदा झाला आणि पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद पडले. अंकितनं ती बातमी दुकानात ऐकली आणि वर येऊन पाणी पीत सांगितली. एकता मूग निवडत होती. तिला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. ते तिच्यापासून आधीच गेलेलं होतं.

संवत्सरीच्या दिवशी घरात उपास होता. प्रतिक्रमणाचा पाठ झाल्यावर सगळे एकमेकांपुढं हात जोडतात आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागतात. अंकित आईच्या पायाशी वाकला, नेहलच्या डोक्यावर हात ठेवला, मग एकतापुढं उभा राहून हात जोडले. “मिच्छामि दुक्कडम्.” ती थांबली. तो आणखी काही बोलेल, एखादा शब्द, असं तिला वाटलं. खालून शेजारच्यांनी हाक मारली आणि तो त्यांच्याकडं हात जोडायला जिन्यानं उतरला. तिनंही हात जोडले होते, ते तसेच राहिले.

त्या दिवशी नातलगांना फोन करायचा रिवाज असतो, म्हणून श्रेणिकला फोन करायला तिला कुणाची परवानगी लागली नाही. तो पहिल्यांदाच रडवेल्या आवाजात बोलला. जीजी, मी तुला शिकवायलाच नको होतं, त्याची माफी मागतो, म्हणाला. ती म्हणाली, त्याची मागू नको. बाकी कशाची पाहिजे तर माग. मग थोडं थांबून तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं.

“मला येत होतं का रे?”

खोटं बोलणं त्याला सोपं होतं, आणि ती ते ओळखेल हे त्याला माहीत होतं.

“न्हाई सांगता येत, जीजी. तू सगळे डाव उशिरा खेळली. त्यात चांगला न् वाईट सारखेच दिसतात.”

“आन् तो रविवार?”

“एका रविवारावरून कुणालाच न्हाई सांगता येत. हजारो डाव लागतात त्याला.” मग तो म्हणाला, “पण राण्या टाकलेल्या तू. तूच सांगितलेलं, मला आठवतं.”

तिला पुढं विचारायचं होतं, पण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. खेळ बंद पडल्यामुळं तो आता नोकरीसाठी फोन करत होता. मधल्या वर्षांचं काय सांगायचं हे त्याला कळत नव्हतं. कंपन्या म्हणायच्या, फार मोठा खंड पडला. तिनं फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी अंकितला भोकरदनच्या एका ओळखीच्यानं बाहेर देशातलं कुठलं तरी ॲप दिलं. ते चालत होतं. पैसे वेगळ्याच माणसाच्या खात्यात भरावे लागायचे, एवढंच. त्यानं एकताला विचारलं. तिनं पचखाणाची आठवण करून दिली. तो म्हणाला, पचखाण तुझं हाये, माझं थोडंच. आणि तो स्वतः बसायला लागला.

त्याला खेळ येत नव्हता. नियम तिच्या पाठीमागं बसून जेवढे कळले तेवढेच. आई आसनावर बसली की तो आतल्या खोलीत जायचा, मुदत संपत आली की नाव घालायचा. एका संध्याकाळी एकता आपलं सामायिक आधीच उरकून तिथंच बसून नेहलच्या फ्रॉकला काजं करत होती. त्यानं फोन तिच्यापुढं धरला.

“जल्दी सांग. लावू का?”

तिनं न बघायचं ठरवलं होतं, पण डोळे गेले. दोन पानं, मधली तीन, समोरच्याची रास, त्यानं किती वेळ घेतला ते. काय करायचं ते तिला लगेच कळलं. ती काही बोलली नाही. तोंडाला मुहपत्ती नव्हती, तरी बोलली नाही.

अंकितनं अंगठा दाबला. पानं उघडली, रास समोरच्याकडं सरकली. तो वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघून म्हणाला, “अजून चार मिनटं हायेत,” आणि पुन्हा नाव घालायला लागला. बाहेरच्या खोलीत इचरजबाईंची माळ चालू होती. एकतानं सुईत दोरा ओवायला घेतला, पण उजेड पुरत नव्हता, म्हणून ती फ्रॉक घेऊन स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली गेली.